विग्रह

गुरुवारची रात्र. कार्डावर साडेचार मिनिटं उरलेली.
प्रणिता म्हणाली, बाबा, पटकन सांगा,
चित्रपट. समासाचा विग्रह करा.
आठवीत आहे. माखजनच्या शाळेतल्या बाई कडक.
म्हटलं, थांब जरा.
आणि मीच थांबलो.

जुबैलच्या कॅम्पात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही.
या मुलखात थेटर नाही, पाटी नाही, तिकिटाची खिडकी नाही,
तरी दर शुक्रवारी आमच्याकडे पिक्चर लागतं.
तहान लागते, ठेच लागते, नशिबात असली तर नोकरी लागते,
तसंच.
आणि पिक्चर पडतंसुद्धा,
पण त्याला कुणी विचारत नाही, लागलं का रे कुठं?

वर्गीस त्याला पडम म्हणतो.
शेर झमान फिलम. त्यातला ल असा जपून उच्चारतो,
जसा काही कुणी काढून घेणार आहे.
तोफज्जल म्हणायचा बोई.
बोई म्हणजे पुस्तक. त्याच्या गावची म्हातारी माणसं
सिनेमाला पुस्तकच म्हणतात.
मी हसायचो: अंगठेबहाद्दर तू, आणि शुक्रवारी पुस्तक बघतोस?
तो म्हणायचा, इसी लिए तो.

सेफ्टीवाल्यांचा प्रोजेक्टर, हसनमियाँ परकारांची वायर,
आणि पडद्याला तोफज्जलची चादर,
कारण सतरा खाटांत पांढरी तेवढीच.
एकदा नायिकेच्या गालावर
त्याच्या रश्श्याचा डाग अख्खा अडीच तास होता.
आम्हाला ती तशीच आवडली.

कामावर मात्र फिल्म म्हणजे दुसरंच काही.
मी एक्स-रेच्या टोळीत हेल्पर.
रात्री अकरानंतर पाइपांभोवती पिवळी फीत बांधायची,
लाल दिवा लावायचा, शिट्टी फुंकायची, आणि लांब पळायचं.
लोखंडाच्या पोटातून किरण जातो.
मग गाडीतल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतात, उजेडावर धरतात.
सांध्यात काळा ठिपका दिसला की जोड नापास,
कापा, पुन्हा करा.
तोफज्जलचे जोड बहुतेक पास.
साहेब फिल्म वाचायचा. होय, आमच्यातही वाचतात.
क्लिअर, म्हणायचा,
आणि तोफज्जल वाळूत थुंकून म्हणायचा, सुपरहिट.

इकाम्याच्या मेडिकलला त्याच्या छातीची फिल्म काढली.
काळ्यात एक पांढरा ठिपका.
लोखंडात वाईट असतं ते काळं,
माणसात पांढरं.
हे मला कुणी शिकवलं नाही, रांगेत उभं राहून कळलं.
मी कारकुनाला म्हणालो, आमच्याकडे कापून पुन्हा करतात.
त्यानं शिक्का मारला.
चार दिवसांत विमान.
बॅग भरताना तोफज्जलनं चादर घडी केली,
खिळ्यांची भोकं बोटानं चाचपली, आणि मला विचारलं,
ये छोड़ दूँ?
मी म्हणालो, घेऊन जा. घरी अंथरशील.
नको म्हणायला हवं होतं की हो, अजून ठरलं नाही.

पुढच्या शुक्रवारी पिक्चर नुसत्या भिंतीवर लागलं.
भिंत पिवळट, वर एसीचा पाइप.
नायक पाइपाआड मेला, आम्हाला दिसलंच नाही.
परकार म्हणाले, मशीन बंद करा. कुणी केलं नाही.

बाबा, मिनिटं चाललीत.
चित्रांचा पट, मी म्हणालो. षष्ठी तत्पुरुष.
पट म्हणजे?
चादर.
तिकडून पानं चाळल्याचा आवाज.
पुस्तकात वस्त्र दिलंय, बाबा.
वस्त्र लिही, म्हटलं, मार्क जातील नाहीतर.
मग, पण कंसात चादर लि
आणि कार्ड संपलं.